देवाची पिशवी

खत-बियाणांच्या कंपन्या दुकानदारांना परदेशात फिरवून आणतात, हे पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना सांगितलं की ते माझ्याकडे संशयानं बघतात. आमच्या पालममध्ये मात्र त्याचं कुणाला नवल नाही. ज्याच्या दुकानातून कंपनीचा माल जास्त उठला तो जोडीनं विमानात बसतो, आणि परत आला की महिनाभर बसस्टँडवर त्याच्या गोष्टी ऐकाव्या लागतात. आमचे हे, म्हणजे राजशेखर, कृषी सेवा केंद्र चालवतात. यंदा नंबर त्यांचा लागला. बाली नावाच्या बेटावर जायचं ठरलं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होते. निवृत्त झाले, पण खोड गेली नाही. सहल म्हटलं की मला आधी नियम सुचतात. त्यातून आमच्या भागातल्या दुकानदारांची परदेशातली कीर्ती मला ठाऊक होती. चुडाव्याचे दत्तराव मागे कुठल्याशा टूरवरून हॉटेलच्या सपाता पायात घालून आले होते आणि पुतणीच्या लग्नात त्याच घालून मिरवत होते. हे दत्तराव याही टूरला होतेच. तेव्हा मी ठरवलं, बाकीच्यांचं काय व्हायचं ते होवो, आमच्या घरामुळे पालमची मान खाली जाता कामा नये.

रोज जेवणं झाली की मी यांना समोर बसवून शिकवायची. परक्या देवळात आधी विचारायचं, मग पाऊल टाकायचं. माणसाचा फोटो न विचारता काढायचा नाही. लेकराच्या डोक्यावर हात ठेवायचा नाही, तिकडे त्यांना ते आवडत नाही. रस्त्यावर पानाच्या वाटीत फुलं ठेवलेली दिसतील, तो देवाचा नैवेद्य आहे, ओलांडायचा नाही. आणि तिथला दगड, शिंपला, काही म्हणजे काही उचलून आणायचं नाही.

"आन् श्वास घ्यायचा का, मास्तरीणबाई?" हे विचारायचे.

"घ्या. पण आवाज करू नका."

आमचा मुलगा श्रीशैल तिकडे ताट उचलता उचलता हसायचा. हेही हसायचे, आणि ते हसले की मला बरं वाटायचं. कारण आदल्या उन्हाळ्यात आमचं गोडाऊन वायरिंगमुळे जळालं, तेव्हापासून या माणसाचं हसू आटलं होतं. कुठं काही करपल्याचा वास आला की हे जेवणावरून उठून दुकानाकडे धावायचे. मी म्हणायची, देवानं माणसं राखली ना, मग झालं.

बालीत कंपनीनं आम्हाला एका घरातच उतरवलं. मोठं अंगण, भोवती पाहुण्यांच्या खोल्या, आणि मागे दगडी भिंतीआड त्या घराचं स्वतःचं देऊळ. देवळाच्या फाटकाबाहेर एक बाक आणि वर पाटी, पाहुण्यांनी आत येऊ नये. घर चालवणारी बाई माझ्याच वयाची, नाव वायान. मी तिला पहिल्या दिवसापासून वायानबाई म्हणू लागले. सकाळी ती प्रत्येक पाहुण्यापुढे कॉफी ठेवायची आणि तोंडभर हसून विचारायची, "झोप छान लागली का? खोली आवडली का?" सगळ्यांना तेच वाक्य, तेच हसू. धंदा आहे, मी ओळखलं. आमच्या दुकानातही हे प्रत्येक गिऱ्हाइकाला "कसं काय, पाऊसपाणी?" असंच विचारतात.

आम्ही लिंगायत. माझ्या गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग असतं, गुरूंनी लहानपणी दीक्षा देताना दिलेलं. ज्याचं त्याचं लिंग ज्याच्या त्याच्या अंगावर, जन्मभर, आणि माती देतानाही त्याच्याच हातावर. दुसऱ्याचं लिंग कुणी पूजत नाही. सकाळी ते डाव्या तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय मी पाण्याचा घोटसुद्धा घेत नाही. म्हणून माझी एक देवाची पिशवी असते. भस्माची डबी, रुद्राक्षाची माळ, छोटी घंटा, तांब्याचं पळी-पंचपात्र आणि पूजेची शाल. प्रवासात ती पिशवी माझ्या जिवाइतकी जपते.

दुसऱ्या दिवशी पहाटे ओसरीवर बसून माझी पूजा चालली होती. डोळे उघडले तर वायानबाई समोरच्या पायरीवर बसलेली. हातात तिची नैवेद्याची टोपली. माझं संपेपर्यंत ती तशीच थांबली होती. मग तिनं माझ्या तळहाताकडे बोट दाखवून विचारलं, "शिवा?"

"शिवा," मी म्हटलं.

तिनं स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "सेम सेम." आणि हसली. हे हसू कॉफीबरोबर येणारं नव्हतं, थोडं वाकडं होतं, एक दात पडलेला दिसत होता. त्या दिवसापासून तिनं मला झोप लागली का म्हणून कधी विचारलं नाही. नुसती शेजारची जमीन थोपटायची, बस म्हणून. मी पानाच्या वाट्या वळायला शिकले. तिचं इंग्रजी मोडकं, माझं शाळेतलं. आमचं काही अडलं नाही. ती मला सिस्टर म्हणायची.

मग एका सकाळी तिनं मला तिचं लुगड्यासारखं वस्त्र नेसवलं, कमरेला पट्टा बांधला आणि हाताला धरून त्या फाटकातून आत नेलं. तिचा मुलगा काहीतरी पुटपुटला. तिनं त्याला हातानंच गप्प केलं. आत एका छोट्या देव्हाऱ्यात पिवळ्या कापडात गुंडाळलेला देव होता, कापडावर सोनेरी फुलं छापलेली. तिनं एक कोपरा जरासा उचलला. लहान काळा दगड, मुठीत मावेल एवढा, एका अंगाला पांढरी शीर. तिच्या आजोबांच्या वेळी घर जळालं, सगळं गेलं, हा राहिला. पांढरी शीर सोडून बाकी अंग आगीनं काळं झालेलं. मी फोटो काढला नाही. विचारलंसुद्धा नाही. नुसती हात जोडून उभी राहिले आणि मला रडू आलं. परक्या मुलखात, पाटी लावलेल्या फाटकाच्या आत कुणी मला विश्वासानं नेलं होतं.

त्या रात्री मी हे सगळं यांना सांगितलं. माझा आनंद पोटात मावत नव्हता. हे पडल्या पडल्या ऐकत होते. शेवटी म्हणाले, "जळाल्या घरात राहिलेला देव हाय म्हण की."

"हो."

"लय जबरदस्त," हे म्हणाले आणि कूस बदलून झोपले.

निघायच्या दिवशी वायानबाईचं सगळं घर गावातल्या देवळात उत्सवाला गेलं होतं. तिनं आदल्या रात्रीच माझ्या कपाळाला तांदळाचे दाणे लावून निरोप घेतला होता. बसमध्ये बसल्यावर यांना आठवलं की चष्मा खोलीत राहिला. ते पळत जाऊन घेऊन आले. कंपनीचा माणूस वैतागला, दत्तराव खिडकीतून ओरडले, "शेटजी, टावेल घ्यायला गेलता का?" सगळी बस हसली. मीसुद्धा हसले, कारण आमच्या यांच्यावर तसला संशय कुणी घेणं हाच मला विनोद वाटला.

बसमधून सगळं सामान यांनीच उतरवून घेतलं होतं. विमानतळावर सामान तपासायच्या रांगेत यांनी देवाची पिशवी माझ्या हातात दिली. "तुझ्या देवाची पिशवी तूच धर. मी हात लावला तर तुला चालत न्हाई." पिशवी मशीनमधून बाहेर आली तशी तिथल्या मुलीनं ती बाजूला घेतली. आत काय आहे, तिनं विचारलं. कपाळावर तिच्याही तांदळाचे दाणे होते. मी गळ्यातली डबी दाखवली, हात जोडले आणि म्हटलं, "देव आहे बाई. माझी पूजा आहे." तिनं माझ्या कपाळावरच्या भस्माकडे पाहिलं, पिशवीला हात लावून तो हात कपाळाला लावला आणि न उघडता पिशवी परत केली. मी विमानात बसेपर्यंत यांना तेच ऐकवत होते, बघा, आपण नीट वागलो की जगही नीट वागतं.

घरी आल्यावर आठवड्याभरात दुकानातल्या देव्हाऱ्यात नवा देव आला. चांदीच्या बैठकीवर बसवलेला, भस्माचे आडवे पट्टे ओढलेला, बेलाच्या पानांत बुडालेला. हे म्हणाले, दत्तरावांनी नर्मदेहून आणून दिला. मी म्हटलं, आपल्यात असली दगडाची पूजा कुठं असते, गळ्यातला पुरे की. ते म्हणाले, "दुकानासाठी हाय. गोडाऊनसाठी. ऱ्हाऊ दे." ज्या माणसाचं गोडाऊन जळालंय त्याच्याशी कुठं वाद घालायचा, म्हणून मी सोडून दिलं. हार घातलेला देव छान दिसत होता. मी फोटो काढला आणि वायानबाईला व्हॉट्सॲपवर पाठवला. खाली लिहिलं, आमच्या दुकानातला शिवा. सेम सेम.

तोवर ती रोज सकाळी मला फुलांच्या वाटीचा फोटो पाठवायची. त्या फोटोवर निळ्या खुणा उमटल्या आणि उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी वाटी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी विचारलं, बरी आहेस ना? निळ्या खुणा. मी आमच्या बेलाचा, गोदावरीचा, सुनेनं काढलेल्या रांगोळीचा फोटो पाठवला. निळ्या खुणा. आधी काळजी वाटली, मग राग आला. श्रीशैलला म्हटलं, बघ, अशी असतात बाहेरची माणसं. गिऱ्हाईक होते तोवर सिस्टर. श्रीशैल मोबाइलवरची मान वर न करता म्हणाला, "सोड ना आई. टूरवरच्या वळखी किती दिवस टिकतात?" मला ते खरं वाटलं आणि मी मनात तिच्याविषयी अढी धरून बसले. मला फसवल्यासारखं वाटत होतं. ते वाटणं बरोबरच होतं, फक्त माणूस चुकत होता.

मग एके दिवशी दत्तराव काही कामानं पालमला आले आणि चहाला घरी आले. मी म्हटलं, "दत्तराव, नर्मदेचा देव लय सुंदर आणला तुमी."

"कोणता देव, वैनी?"

"दुकानातला. तुमीच आणलेला."

"मी आन् नर्मदा?" दत्तराव हसायला लागले. "मी परळीच्या पुढं देवाला गेलो न्हाई आजवर. बालीहून बी ह्या बारीला चमचा आणला न्हाई बगा. तुमी बसमदी असं बगायच्या माझ्याकडं, भ्याच वाटायचं." मग माझं तोंड बघून ते थांबले. "काय झालं वैनी?"

दत्तरावांना दारापर्यंत सोडलं. अंगणात यांची स्कूटर उभी होती. सीटवर पुसायचं फडकं टाकलेलं. ते फडकं मी कितीतरी दिवस बघत होते, तेलानं आणि धुळीनं काळं झालेलं. आज पहिल्यांदा हातात घेतलं. कडेला मळाखाली सोनेरी फुलं होती.

मी तशीच दुकानात गेले. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं, हे गादीवर आणि श्रीशैल काउंटरला. मी देव्हाऱ्यातून देव उचलला, पदरानं भस्म पुसलं. काळं अंग. पांढरी शीर.

"हे काय करायलीस?" हे उठून उभे राहिले.

मी फडकं त्यांच्यापुढे टाकलं. "हे कुठलं?"

त्यांनी फडक्याकडे पाहिलं आणि परत बसले. खोटं बोलायचाही प्रयत्न केला नाही. "जळाल्या घरात राहिलेला देव, तूच म्हणलीस," ते म्हणाले. "त्यास्नी एकदा राखलं त्यानं. आता आपल्याला लागत हुता. शिवच हाय ना? का त्यांचा शिव निराळा हाय?"

"चोरून आणला तुमी."

"मी कुठं आणला?" ते हळूच म्हणाले, आणि त्यांना त्यातलं काही उमगत नव्हतं हे मला त्यांच्या तोंडावर दिसत होतं. "तूच आणलास. तुझ्या शालीत हुता. माझी पिशवी त्या पोरीनं उलटीपालटी केली असती. तुझ्या तोंडाकडं बगून कोणी झडती घेत न्हाई, ठाव हुतं मला."

मी बियाणांच्या पोत्यावर बसले. त्या मुलीनं पिशवीला लावून कपाळाला लावलेला हात मला दिसत होता. लग्नाला एवढी वर्षं झाली, या माणसानं मला कधी शिवी दिली नाही, हात उगारला नाही, आणि माझ्याच जोडलेल्या हातांनी माझा केसानं गळा कापला. परक्यानं केलं असतं तर शिव्या देऊन मोकळी झाले असते. मी श्रीशैलकडे पाहिलं. तो काउंटरवरचा कागद नखानं खरवडत होता. मी काही विचारायच्या आत त्याचं तोंड सांगून गेलं.

"तुला बी ठाव हुतं."

"आई, पप्पांना त्यानं झोप लागायली हुती," तो म्हणाला. "आमी म्हणलं, तुला सांगितलं तर तू..."

"तर मी काय?"

"तर तू परत द्यायला लावशील."

म्हणजे घरातल्या सगळ्यांना माझी पक्की ओळख होती. त्या ओळखीचाच त्यांनी वापर केला होता.

संध्याकाळी मी वायानबाईला व्हिडिओ कॉल लावला. ती उचलेल असं वाटलं नव्हतं, पण उचलला. मी दगड समोर धरला. तिचा चेहरा हलला नाही. मग ती एकेक शब्द शोधत बोलली. देव गेला तेव्हा तिच्या मुलानं सांगितलं, ती भारतातली बाई, तूच तिला आत नेलंस. वायानबाई त्याला म्हणाली, ती नाही. सगळं घर म्हणालं, तीच. ती म्हणाली, मी तिची पूजा पाहिलीये, ती नाही. गावाच्या पुजाऱ्यापुढेही ती तेच बोलली. "मग तुझा फोटो आला," वायानबाई म्हणाली. "हार घातलेला. सेम सेम लिहिलेलं. माझ्या मुलानं सगळ्यांना दाखवला."

"मला माहीत नव्हतं," मी म्हटलं. "खरंच माहीत नव्हतं. माझ्या नवऱ्यानं..."

माझं मलाच ते कसं ऐकू येतंय हे कळलं. पकडल्यावर शाळेतली सगळीच पोरं दुसऱ्याचं नाव सांगतात. मी वर्षानुवर्षं तसलं काही ऐकून घेतलं नव्हतं.

"ओके, मॅडम," वायानबाई म्हणाली.

देव पार्सलनं पाठवा, असं श्रीशैल म्हणाला. हे म्हणाले, एकटी बाई परदेशात गेली तर लोक काय म्हणतील. मी पेन्शन काढली आणि गेले. विमानतळावर दोन्हीकडे मी पिशवी कुणी न मागता उघडली, एकेक वस्तू बाहेर मांडली. नव्या पिवळ्या कापडातला दगड सगळ्यांना दाखवला आणि सांगितलं, हा माझा नाही, परत द्यायला चालले आहे. मागची रांग खोळंबली.

वायानबाई फाटकापाशीच होती. तिनं दोन्ही हातांनी देव घेतला, डोक्याला लावला आणि आत गेली. तिच्या मुलानं माझ्या तोंडावर फाटक लोटून घेतलं. मी पाटीखालच्या बाकावर बसले. आत घंटा वाजत होती, धूप येत होता. आतला तो देव्हारा मी पाहिला होता, त्याला किती पायऱ्या, कुठं वाकावं लागतं, सगळं ठाऊक होतं, आणि मी बाहेर बसून रडत होते. शेजारी कुणी गोरा पाहुणा नकाशा उघडून बसला होता.

रात्री मी तिथंच खोली घेतली, कारण परतीचं विमान सकाळी होतं. पहाटे ओसरीवर लिंगपूजा केली. डोळे उघडले तर समोरची पायरी रिकामी होती. थोड्या वेळानं वायानबाई कॉफी घेऊन आली. आधी त्या गोऱ्या पाहुण्यापुढे ठेवली, मग माझ्यापुढे. तोंडभर हसली. पडलेला दात दिसला नाही.

"झोप छान लागली का?" तिनं विचारलं. "खोली आवडली का?"

"आवडली," मी म्हटलं.

हैदराबादहून रेल्वेनं गंगाखेडला उतरले तेव्हा हे स्टेशनवर आले होते. उन्हात उभे राहून तोंड लालबुंद झालेलं. काही झालं तरी माझा माणूस, माझ्यासाठी पाण्याची बाटली आणि केळी घेऊन उभा होता. मला त्यांची दयाही आली आणि त्या दयेचाही राग आला.

"दिला का?" त्यांनी विचारलं.

"दिला."

"काय म्हणली मग ती?"

"झोप छान लागली का म्हणाली."

त्यांचा चेहरा उजळला. खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखे ते हसले, गोडाऊन जळायच्या आधी हसायचे तसे. "मंजी राग न्हाई. मिटलं म्हणायचं! खामखा जिवाला घोर लावून घेतलास. आण ती पिशवी, दमली असशील."

त्यांनी हात पुढे केला. मी पिशवी छातीशी धरली.

"कपड्याची बॅग घ्या," मी म्हटलं. "ह्या पिशवीला हात लावायचा न्हाई तुमी."

ते आधी हसले, मास्तरीणबाई पुन्हा नियम सांगायलीय असं वाटून. मग हात तसाच पुढे ठेवून माझ्याकडे बघत राहिले. मी पिशवी घेऊन पुढे चालू लागले.